पगार, क्रियापद

सात तारखेला, वागळे इस्टेटच्या सोळा नंबर रस्त्यावर,
आमच्या पंख्यांच्या कारखान्यात
तीनच्या भोंग्याला लेथ एकेक करून गप्प होत.
जाळीच्या खिडकीमागे मी,
पाकिटं, रबरबँड, बोटं ओली करायला स्पंज.
पलीकडे रांग.
दिवसभर यंत्रांवरून ओरडणारी माणसं,
पण रांगेत कोणी बोलत नसे.
नोटा मोजायच्या, पुन्हा मोजायच्या
आणि "बरोबर" म्हणायचं,
मला नाही, नोटांनाच.

टाइमकीपर पास्कोल मिस्किटा, उथळसरचे.
त्यांच्या घरी आजोबांचा पोर्तुगीज शब्दकोश,
अर्धा वाळवीनं खाल्लेला,
प-ची पानं तेवढी शाबूत.
एकदा डब्यातला सुका बोंबील निवडत म्हणाले,
"बाई, तुम्ही वाटता तो पगार
त्यांच्यात नाम नाहीच. क्रियापद आहे.
पगार म्हणजे देणे. चुकते करणे.
मी पागु, तो पागा.
गलबतातून उतरताना देणारा तिकडंच राहिला,
आपल्याकडे नुसती वस्तू उतरली."

त्याच्याही मागे लॅटिन, म्हणाले. पाकारे.
शांत करणे.
ज्याचं येणं आहे तो दारात उभा राहून ओरडतो.
त्याच्या हातावर काही ठेवलं की निवतो.
तिथून एक वाट फ्रान्सवरून इंग्लंडात गेली,
तिचं झालं पे.
दुसरी समुद्रानं वसईला आली.
म्हणजे माझ्या रजिस्टरवर वर छापलेलं पे
आणि खाली मी शाईनं लिहिलेला पगार
या चुलत बहिणी,
शेकडो वर्षांनी ठाण्यात एका कागदावर,
एकमेकींना न ओळखता.

मला तेव्हा आठवली भाच्याची शांत.
पोर मूळ नक्षत्रावर आलं,
सत्तावीस विहिरींचं पाणी, काशाच्या वाटीत तूप.
मुळाशी काही गडबड असली
की शांत करावीच लागते.

मग एक दिवाळी गेली, आणि सात तारीख
आली तशी गेली.
पुढच्या सोमवारी, मालक म्हणाले.
तीन महिने पुढचा सोमवार.
रांग लागायची, खिडकी बंद,
कोणीतरी जाळीवर नाणं ओढत राहायचं
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
मी मागच्या गेटानं घरी जायची.
आपल्या भाषेत देणं चुकतं करतात
आणि देणं चुकवतातही.
मालकांचं मराठी कच्चं,
पण दुसरं त्यांना नीट येत होतं.

शेवटी फुल अँड फायनल.
एक छापील ओळ: माझे काहीही येणे राहिलेले नाही.
दोनशे सहा नावं, समोर सहीची जागा.
पॅकिंगच्या शेवंता गवारींनी
बोट ठेवत ठेवत कागद वाचला.
रात्रशाळेतलं वाचन, वेळ लागला.
"माझे ओव्हरटाइमचे अकरा दिवस?"
मी म्हटलं, सोडा हो, संपवा एकदाचं.
त्यांनी पेनाला टोपण लावलं,
माझ्या बाजूला सरकवलं.
"फिटलं नाही, बाई."
आवाज चढला नाही.
पास्कोल मिस्किटांनी मान वर केली,
परत हजेरीपुस्तकात घातली.

आता तिथं काचेची इमारत आहे.
माझ्या मुलाचा पगार रात्री दोनला होतो,
उशाशी फोन थरथरतो, तो कूस बदलतो.
पगार झाला, म्हणतो आपण,
उजेड झाला म्हणावं तसं.
कोणी केला, वाक्यात कुठंच नाही.

कपाटात त्या यादीची कार्बन कॉपी आहे.
निळ्या सह्या पुसट होत चालल्यात,
कोणाच्या, आता लागत नाही.
एकशे अठ्ठेचाळीसावी जागा
अजून कोरी, स्वच्छ वाचता येते.